तीन फेब्रुवारीचं घरटं

वाळूत जाळीखाली एक खळगा पडला होता. कासवाची पिल्लं अंड्यांतून बाहेर आली की वरची वाळू अशीच खचते, हे इरावतीला ठाऊक होतं. पण किनाऱ्यावरचा लांब पायांचा यंत्रमानव, बगळा, जाळी उचलायला तयार नव्हता.

"या घरट्याला अजून महिना आहे," तो म्हणाला. "आत्ता उघडलं तर कावळे अंडी उकरतील."

"अरे, तीन फेब्रुवारीला कासवीण आली तेव्हा मी इथंच होते. पन्नास दिवस उलटून गेले."

"माझ्याकडे दोन मार्च आहे."

ऊन चढत होतं. वाळू तापली की जाळीत अडकलेली पिल्लं सुकून जातात. इरावती धावतच शाल्मलीमावशीकडे गेली. कासव-केंद्राचा डेटाबेस (माहितीचा साठा) मावशी सांभाळायची.

"ती जाळी आपण हातानंही उचलू," मावशी म्हणाली, "पण अशी आणखी किती घरटी असतील? थांब जरा."

पडद्यावर आलं : 03/02/2061.

"हे काय आहे?"

"तारीख. एवढं कळतं मला."

"तुला कळतं. साठ्यात हा नुसता मजकूर आहे. मजकुरात अंडी फुटायला लागणारे पन्नास दिवस मिळवता येत नाहीत. म्हणून बगळा क्वेरी (साठ्याला विचारायचा प्रश्न) लिहिताना आधी मजकुराची तारीख करून घेतो. त्याला साचा द्यावा लागतो : कुठला अंक दिवस, कुठला महिना. तो मी दिलाच नाही. त्यानं आपल्या सवयीनं महिना आधी धरला."

"मग सतरा फेब्रुवारीच्या घरट्याची तारीख कशी चुकली नाही?"

मावशीची बोटं थबकली. "सतरावा महिना नसतोच. तिथं तो अडला, मला विचारलं, मी तेवढ्याच घरट्याची तारीख सांगितली. तीन मात्र महिनाही असू शकतो, म्हणून तो अडलाच नाही."

इरावतीच्या मनात आलं : अडणारं यंत्र परवडलं, न अडता चुकणारं नको.

मावशीनं क्वेरीत साचा घातला : दिवस, महिना, वर्ष. क्षणात उत्तर आलं. आज उघडायची घरटी दोन होती. दुसऱ्यावर वाऱ्यानं वाळू लोटली होती, तिथला खळगा कुणाला दिसलाच नव्हता. क्वेरीनं मात्र ते अचूक शोधलं. इरावतीला त्या एका ओळीचं फार कौतुक वाटलं.

त्या दोघी पोचेपर्यंत बगळ्यानं दोन्ही जाळ्या उचलल्या होत्या. चिमुकली काळसर पिल्लं वल्ह्यांसारखे पाय मारत ओल्या वाळूवरून निघाली. कावळे जवळ येऊ नयेत म्हणून बगळा हात पसरून लाटांत उभा राहिला.

"मोठी झाली की यातली एखादी मादी अंडी घालायला इथंच परतेल," मावशी म्हणाली.

"तेव्हा तारीख कशी लिहायची?" बगळ्यानं विचारलं.

"आधी वर्ष, मग महिना, मग दिवस," इरावती म्हणाली. "आणि साचा शेजारीच लिहून ठेवायचा. तेव्हा इथं कोण असेल, काय सांगावं."