तळ्याकाठचं राहतं घर

रिकामं घर गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही, हा दलालबाईंचा नियम होता. रिकाम्या खोलीत माणसाला भिंतीची ओल तेवढी दिसते. म्हणून बाई आधी जाऊन घर राहतं करत. न्हाणीघरात टॉवेल, टेबलावर कप, अंथरलेल्या गाद्या, दाराशी लहान मुलांच्या चपला. वर तोंडाला येईल ते. "मालकीणबाई आत्ताच तळ्याकडे गेल्या. मुलं तर काय, दिवसभर पाण्यातच!" थापा मारण्यात बाईंचा हात कुणी धरू शकत नसे.

तळ्याकाठचं ते उन्हाळी घर फार जुनं. कुणा हौशी माणसाने ओंडके रचून बांधलेलं, पुढे व्हरांडा, व्हरांड्यातून पाण्यात गेलेला फळ्यांचा धक्का. कित्येक वर्षं ते खपत नव्हतं. "या उन्हाळ्यात गेलं नाही तर तुम्ही घरी बसा," असं साहेबांनी बजावलं होतं. नवऱ्याचं काम आधीच सुटलेलं. बाईंची झोप उडाली होती.

पहिलं गिऱ्हाईक एक मास्तर होते. बाईंनी नेहमीची टेप लावली. मास्तर खिडकीतून बघत म्हणाले, "हो, त्या काय, धक्क्यावर बसल्यात."

बाईंनी वाकून पाहिलं. धक्क्यावर कुणी नव्हतं. एका जागी फळ्या तेवढ्या ओल्या होत्या.

पुढच्या खेपेला टॉवेल ओले होते आणि कप धुऊन पालथे घातलेले. हे रखवालदाराचंच काम, असं म्हणून बाईंनी त्याला फैलावर घेतलं.

"मी कशाला आत जाऊ, बाई?" तो म्हणाला. "घरात माणसं असताना?"

शेवटी एका नर्सबाईंना घर पसंत पडलं. वरच्या खोल्या बघून त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "घेते मी. पण मला रिकामं करून हवं. वर मुलं झोपलीत, त्यांची सोय काय?"

बाईंनी एकदा जिन्याकडे पाहिलं. तरी त्या म्हणाल्या, "होईल ना रिकामं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाई एकट्याच गेल्या. चपला, कप, टॉवेल पिशवीत कोंबले. वर उशीला हात लावला. उशी कोमट होती.

"हे बघा," बाई मोठ्याने म्हणाल्या. "माझ्या पोटाचा प्रश्न आहे. तुम्ही निघा आता इथून."

काहीच झालं नाही.

मग शेजारच्या खोलीत फळी करकरली.

मग जिना.

बाई थोड्या वेळाने उतरल्या. दाराला कुलूप घालताना त्यांना जाणवलं, घर खरंच रिकामं झालं होतं. हायसं वाटून त्यांना रडूच आलं.

घरी नवऱ्याने दार उघडलं.

"गेलं एकदाचं!" असं म्हणत बाई आत शिरल्या.

नवरा दारातच थांबला. बाहेर बघत ओशाळं हसला.

"अगं, आधी सांगायचंस तरी," तो पुटपुटला. "या ना, या."

आणि बाजूला सरून त्याने बराच वेळ दार धरून ठेवलं.