डोक्यावरची पट्टी आणि गोदा आत्याचा हात

"डोळे मीट आणि कसलाही विचार करू नकोस," रंजनी म्हणाली.

"ते त्याला छान जमतं. गणिताच्या पेपरला तेच करतो," क्षमाने आपल्या भावाबद्दल माहिती पुरवली.

दर्शनने मिटलेल्या डोळ्यांनीच जीभ काढून दाखवली. त्याच्या कपाळाभोवती इलॅस्टिकची पट्टी होती. पट्टीच्या आत रंजनीच्या लहानपणच्या पैंजणांतून काढलेल्या चांदीच्या चकत्या आणि त्यांच्याखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस. चकत्यांच्या तारा एका चिमुकल्या सर्किटात जात होत्या आणि सर्किट लॅपटॉपला जोडलेलं होतं. सुट्टी लागल्यापासून तिघं मेंदूच्या लहरी पकडायच्या मागे लागली होती. माणूस डोळे मिटून शांत बसला की पडद्यावर संथ लाटा उमटायला हव्या होत्या. आज संध्याकाळी मात्र उमटत होता तो नुसता जाड काळा पट्टा.

"तुझ्या मेंदूत डास शिरलेत," क्षमा म्हणाली.

ही सगळी खटपट टी. नगरमधल्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावरच्या रंजनीच्या घराच्या व्हरांड्यात चालली होती. क्षमा आणि दर्शन वरच्या मजल्यावरचे. बाबांची अंबत्तूरच्या कारखान्यात बदली झाली तेव्हा ते नाशिकहून इथे आले. रंजनीचं घराणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, त्यामुळे तिच्या घरचं मराठी ऐकताना दर्शनला सुरुवातीला फार मजा वाटायची. आता त्याला त्या घरच्या सांबारासारखी त्याचीही सवय झाली होती.

तेवढ्यात रंजनीची गोदा आत्या बाहेर आली आणि कोलमच्या, म्हणजे इथल्या रांगोळीच्या, पिठाचा डबा तिने रंजनीच्या मांडीवर ठेवला. "हें तूं ठेव, कण्णा. उद्या मी कोलम घालणार नाहीं."

रंजनी बघतच राहिली. मार्गळीचा, म्हणजे तमिळ मार्गशीर्षाचा, महिना चालू होता. या महिन्यात आत्या रोज पहाटे गेटासमोर पाण्याचा सडा घालून भलंमोठं कोलम काढायची. उद्या तर इमारतीची कोलमस्पर्धा होती, आणि आजूबाजूच्या निम्म्या मुलींना कोलम शिकवलं होतं ते आत्यानेच.

"का पण?"

"हात गेला माझा. कोलम घालून उठतांना गेट धरतें, तर हातांत मुंग्या येतात, पार कोपरापर्यंत. वय झालं. अस्कें, सगळंच, सरतं एक दिवस." आत्या हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. ती आत गेल्यावर रंजनीने डबा हळूच बाजूला ठेवला. आत्याने हात टेकलेले तिने कधी पाहिलेच नव्हते.

"चला, निदान हे तरी नीट करू," क्षमा हळूच म्हणाली.

त्यांनी लॅपटॉपचा चार्जर काढून टाकला. पट्टा तसाच. पंखा बंद केला, ट्यूब बंद केली, तारा एकमेकींना पीळ देऊन गुंडाळल्या, सर्किट स्टीलच्या टिफिनच्या डब्यात बसवलं. पट्टा बारीक झाला, पण गेला नाही. क्षमाने चित्र मोठं करून पाहिलं. त्या पट्ट्यात एकसारख्या लाटा खच्चून भरल्या होत्या, सेकंदाला पन्नास.

"हा मेंदू नाही. ही घरातली वीज आहे," ती म्हणाली.

"सगळं तर बंद केलंय. मग कुठून येते?" दर्शनने विचारलं.

उत्तर शोधायला त्यांनी दर्शनलाच खुर्चीसकट फिरवलं. स्वयंपाकघरात पट्टा अगदी पुसट होता. दिवाणखान्यात थोडा जाड, आणि व्हरांड्याच्या लोखंडी कठड्याजवळ सगळ्यात जाड.

"कठड्यात कुठे वीज असते?" दर्शन वैतागला. "आणि सकाळी इथेच तर लाटा छान दिसत होत्या."

"सकाळी काय वेगळं होतं?" रंजनीने बाहेर पाहिलं. स्पर्धेसाठी गेटावर सोडलेल्या रंगीत दिव्यांच्या माळा लुकलुकत होत्या. त्या संध्याकाळी लागायच्या आणि आत्याचं कोलम होईपर्यंत, उजाडेतो चालू असायच्या. व्हरांड्याचा कठडा पुढे सरळ त्या गेटालाच जोडलेला होता.

रंजनी एकदम उभी राहिली. "कोणीही कठड्याला हात लावू नका. आत्याचा हात गेलेला नाही, गेटात वीज उतरलीय!"

माळा लावल्या होत्या सोसायटीचे सेक्रेटरी वसंतराव यांनी. वायरिंगमधलं आपल्याला सगळं कळतं, असं त्यांना स्वतःलाच वाटत असे. मुलांनी त्यांना व्हरांड्यात बोलावून दिवे बंद करायला सांगितलं.

"तुमच्या खेळण्यासाठी दिवे बंद करू?" ते म्हणाले. "आणि मी काल गेट धरलं होतं. काही झालं नाही मला."

"तुमच्या पायात चपला होत्या, काका," क्षमा म्हणाली. "आत्या ओल्या जमिनीवर अनवाणी असते."

"उगाच डोकं खाऊ नका."

क्षमाने सूर बदलला. "बरं, राहू दे. पण काका, आम्हाला एक फार शांत, एकाग्र मेंदू हवाय. इमारतीत दुसरा कोणाचा असणार?"

वसंतराव चटकन खुर्चीत बसले. खुर्ची प्लास्टिकची होती आणि रंजनीने ती कठड्यापासून हातभर लांब ठेवली होती. पट्टी बांधून काकांनी डोळे मिटले. दर्शन दबक्या पावलांनी पाण्याच्या पंपाच्या खोलीत गेला आणि त्याने माळांचं बटण बंद केलं. पडद्यावर संथ, देखण्या लाटा उमटल्या. क्षमाने चित्र तिथेच थांबवलं.

"आता डोळे उघडून बघा, काका."

"वा! माझा मेंदू?" वसंतरावांचा चेहरा फुलला.

"होय. आता पुन्हा डोळे मिटा, दर्शन माळा लावेल."

माळा लागल्या आणि लाटांच्या जागी काळा पट्टा आला. बंद केल्या, लाटा परत आल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा पट्टा. दर वेळी काका डोळे मिटायचे आणि मग थांबवलेलं चित्र बघायचे.

"गेटावरची माळ लागली तर कठड्याजवळचा तुमचा मेंदू का बिघडावा, काका?" रंजनीने विचारलं.

वसंतरावांनी डोक्यावरची पट्टी काढली. त्यांनी घरून टेस्टर आणला आणि गेटाला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. गेटाच्या बिजागरीत चिमटून माळेच्या वायरचं साल निघालं होतं.

"पण अशी वीज गळत असली की मीटरजवळचा सुरक्षेचा स्विच आपोआप पडतो ना? आमच्या बाबांनी सांगितलं होतं," दर्शन म्हणाला.

"पडत होता. सारखा पडत होता," वसंतराव खालच्या आवाजात म्हणाले. "दिवे विझायचे, म्हणून मी त्या स्विचला वगळून लाईन घेतली. तो बिचारा ओरडून सांगत होता आणि मी त्याचंच तोंड बंद केलं. उद्या इथे बादल्यांनी पाणी पडलं असतं."

त्यांनी लाईन तोडली, माळ उतरवली आणि मग आत जाऊन गोदा आत्यापुढे हात जोडले. "चूक माझी होती, गोदाताई. तुमचा हात ठणठणीत आहे. या पोरांनी हुडकून काढलं. माझ्यापेक्षा शहाणी निघाली."

आत्याने आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. तिचे डोळे भरून आले. "आणि मी ह्या हातास उगाच रागें भरत होतें," ती म्हणाली, आणि रंजनीकडून पिठाचा डबा तिने परत मागून घेतला.

पहाटे साध्या कंदिलांच्या उजेडात स्पर्धा झाली. वसंतरावांनी स्वतः पाणी आणून सडा घातला. आत्याचं कोलम पार रस्त्यापर्यंत गेलं आणि त्याच्या कडेला तिने संथ लाटांची नक्षी काढली, पडद्यावर दिसली होती तशीच. शेवटची रेघ ओढून झाल्यावर तिने सवयीने गेटाकडे हात नेला आणि क्षणभर थांबून मुलांकडे पाहिलं.

"धर, आत्या," रंजनी म्हणाली.

आत्याने गेट घट्ट धरलं आणि उठून उभी राहिली.