चावी मागणारं घड्याळ

आत्याने समुद्रतळावरून घड्याळ परत पाठवलं. सोबत निरोप होता: "सुंदर आहे, पण घालावंसं वाटत नाही."

ऊर्जिता तोरसकर हिरमुसली. देवगडच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाशी बांधलेल्या संशोधन केंद्रात तिची आत्या काम करायची. तिथे खिडकीबाहेर सकाळही काळी आणि दुपारही काळी. मनगटावरच्या पडद्यावर वेळ अचूक दिसायची, तरी महिनोन्‌महिने तळाशी राहणाऱ्या त्या माणसांना जुन्या धाटणीचं घड्याळ हवं होतं. त्याची रचना त्यांनी शाळकरी मुलांकडून मागवली होती. निवडलेलं घड्याळ केंद्रातला प्रत्येकजण वापरणार होता आणि ते आपलंच असावं, असा ऊर्जिताने ध्यास घेतला होता.

तिने कसर ठेवली नव्हती. काचेआड फिरणारी दातेरी चाकं होती, टिकटिक होती, बाजूला छोटी चावीसुद्धा होती. मग बिघडलं कुठे?

घरातल्या यंत्रमानवाला सगळे मास्तर म्हणत, कारण चुका काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानेही घड्याळ तपासून ते निर्दोष ठरवलं आणि दोष आत्यातच असावा, असं सुचवलं.

शेवटी ऊर्जिताने आत्यालाच विचारलं. आत्या म्हणाली, की रोज चहा झाला की ती हौसेने चावी द्यायची. मग ती तापाने आजारी पडली. उठल्यावर आधी घड्याळाकडे धावली. वाटलं, बिचारं थांबलं असेल. ते मजेत चालू होतं.

"त्याला माझी गरजच नव्हती गं," आत्या म्हणाली. "तेव्हापासून चावीकडे हात जाईना."

ऊर्जिताचे कान तापले. घड्याळ चालत होतं बॅटरीवर. चाकं शोभेची होती, टिकटिक इवल्याशा स्पीकरमधून येत होती आणि चावी कशालाच जोडलेली नव्हती.

ती आजोबांकडे गेली. पोलादाच्या स्प्रिंगांवर संशोधन करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि मागचं झाकण उघडून तिच्यापुढे धरलं.

चावी दिली की आतली मुख्य स्प्रिंग (गुंडाळलेली पोलादी पट्टी) आवळली जाते, त्यांनी सांगितलं. बोटांचा जोर तिच्यात साठतो. तिला मोकळं सोडलं तर ती क्षणात उलगडेल आणि काटे गरगरा फिरतील.

"मग तिला अडवतं कोण?" ऊर्जिताने विचारलं.

"जत्रेत दर्शनाच्या रांगेपुढे दोरी धरून स्वयंसेवक उभा असतो ना, बाय? दोरी उचलतो, एकाला सोडतो, पुन्हा खाली. इथे तेच काम एस्केपमेंट (चाकाचा एकेक दात सोडणारा अडसर) करतं."

पण दोरी कधी उचलायची, हे अडसराला कळतं तोलचक्राकडून (ठरावीक लयीत मागेपुढे झुलणारं चाक). केसासारख्या बारीक स्प्रिंगमुळे ते झोपाळ्यासारखं झुलत राहतं. प्रत्येक झुल्याला एक दात सुटतो आणि सुटताना तो तोलचक्राला हलकासा धक्का देतो, म्हणून झुलणं थांबत नाही.

"आणि टिकटिक?"

"दात अडसरावर आपटल्याचा आवाज."

"म्हणजे ऊर्जा वाया जाते," मास्तर मध्येच म्हणाला. "हा दोष आहे."

"आहेच," आजोबा हसले. "पण त्या दोषामुळेच कळतं, की आत खरोखर काम चाललंय."

ऊर्जिताने स्पीकर आणि बॅटरी काढून टाकली. शाळेच्या कार्यशाळेत तिने नवी चाकं कापली. तोलचक्र कित्येकदा अडखळलं. एका संध्याकाळी ते झुलायला लागलं, तेव्हा ती श्वास रोखून बघत राहिली. मास्तरने मोजून सांगितलं, की घड्याळ दिवसाला दहाएक सेकंद मागे पडतं आणि असं घड्याळ कोणी निवडणार नाही.

निवडीच्या दिवशी केंद्रातली सगळी माणसं पडद्यावर जमली. ऊर्जिताने ते दहा सेकंद आधीच सांगून टाकले. केंद्रप्रमुख लोबोबाईंनी चष्मा सारखा केला.

"आमच्याकडे अचूक वेळ आहेच. मग आम्ही हे का घ्यावं?"

ऊर्जिता ताठ उभी राहिली. "डुबकी मारताना पडद्यावरचीच वेळ बघा. हे घड्याळ त्यासाठी नाही. हे तुमच्या बोटांच्या जोरावर चालतं. सकाळी तुम्ही दिलेला जोर ते दिवसभर एकेका दाताने खर्च करतं. त्याची टिकटिक म्हणजे तुमचाच जोर. तुम्ही विसरलात तर ते थांबेल."

तिने मागचं झाकण उघडून घड्याळ माइकजवळ धरलं. टिकटिक थेट तळाशी ऐकू गेली. मग लोबोबाई म्हणाल्या, "आम्हाला हेच हवंय." आत्याने सगळ्यांसमोर खणखणीत शिट्टी मारली.

लगेच कुणीतरी जेवणघरासाठी एक मोठं घड्याळ मागितलं आणि त्याला चावी कोणी द्यायची यावरून तिथे वादावादी जुंपली. एकाने तर पुढच्या वर्षी चंद्रावरच्या तळावर जाताना तसंच एक मोठं घड्याळ सोबत न्यायचं ठरवूनही टाकलं.

भिंतीवरच्या घड्याळाला लंबक बरा, ऊर्जिताच्या मनात आलं. पण चंद्राची ओढ कमी, म्हणजे लंबक तिथे सावकाश झुलणार. म्हणजे त्याची लांबी कमी करावी लागणार.

"किती कमी, ते सांगू?" मास्तरने विचारलं.

"नको," ऊर्जिता म्हणाली आणि पेन्सिलीला टोक करायला लागली. "मी काढते."