काठ खाणारा ओढा

“गेलं! तेही गेलं!” ढब्बू ओरडला. “सगळी बुचं आपल्याच काठाला!”

ओहोटीचं पाणी दलदलीतून समुद्राकडे निघालं होतं. मामाकडे सुट्टीला आलेले ढब्बू आणि त्याची बहीण शेंडी जाळ्याची जुनी बुचं ओढ्यात सोडत होते. त्यांची मामेबहीण टिटवी नुसती बघत होती. एरवी ती बडबडून घर डोक्यावर घ्यायची! पण मागच्या आठवड्यात काठ ढासळला, तिची खोली पाण्यात गेली आणि ती सुन्नच झाली.

“मधोमध सोडली तरी इकडेच का येतात?” शेंडी म्हणाली. “चला, पलीकडे बघू!”

टिटवीने मुकाट्याने बाबांची होडी सोडली. पलीकडच्या लव्हाळ्यात विटा, फुटके खांब, दगड यांचा ढीग पडला होता. पलीकडे नवं गोदाम बांधणाऱ्या ठेकेदाराने राडारोडा ओढ्यातच लोटला होता! पाणी त्यावर आपटून थेट टिटवीच्या घराकडे वळत होतं.

“पण उद्या इंजिनिअर बाई भरतीत येणार, तेव्हा हे बुडालेलं असेल,” शेंडी कुजबुजली. “आपलं कोण ऐकणार?”

“मग ठेकेदारालाच बोलायला लावू!” ढब्बूने डोळे मिचकावले.

दुसऱ्या दिवशी ऐन भरतीत इंजिनिअर बाई ढासळलेल्या काठाच्या पाहणीला आल्या. बाबा वल्हवत होते, टिटवी सुकाणूवर होती. बाईंशेजारी ठेकेदार बसला होता आणि ढब्बू-शेंडीही होडीत शिरली होती.

“ओढाच लहरी, बाई!” ठेकेदार म्हणाला. “काठावरची घरं रिकामी करा, विषय संपला!”

ढब्बूने खूण केली. टिटवीने होडी लव्हाळ्याकडे वळवली. बाबांनी पाहिलं, पण अडवलं नाही. टिटवीला आता भीतीसुद्धा वाटेनाशी झाली होती.

“ए पोरी! तिकडे नको! खाली दगड आहेत, होडी फुटेल!” ठेकेदार ओरडला.

“दगड?” बाईंनी वळून पाहिलं. “नकाशात तर तिथे नुसता चिखल आहे. तुम्हाला कसं ठाऊक?”

बाईंनी बांबू पाण्यात खुपसला. खट्!

“यांनीच टाकलेत!” ढब्बू-शेंडी एकदम ओरडली.

राडारोडा उचलायचा हुकूम तिथल्या तिथे सुटला. घरं वाचली! “शाबास रे पोरांनो!” जो तो पाठ थोपटू लागला. टिटवीला मात्र वाटलं, दुसऱ्याच कुणाची तरी पाठ थोपटताहेत.

संध्याकाळी बाबा शेजारी येऊन बसले. “गेलेली खोली काही परत यायची नाही, बाळा. पुढच्या अंगाला नवी बांधू. कशी हवी, तू सांग.”

टिटवीने ओढ्याकडे पाहिलं.

“खिडकी मोठी हवी,” ती म्हणाली, आणि बाबांच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडू लागली.