कानडी न येणारी सिस्टर

हसू नका रे. ईरप्पाची धाकटी शिवलीला तुमी बघितलीय की, सोलापुरात एका दवाखान्यात सिस्टर हाय ती. तिचंच सांगतोय. मला तिच्या बापानं सांगितलं, आन् ईरप्पा थापा मारणारा माणूस न्हाय.

परवाच्या संक्रांतीची आदली रात, भोगीची. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेपायी निम्म्या सिस्टर सुट्टीवर. अख्खा आयसीयू शिवलीलेच्या एकटीच्या गळ्यात, चहाला बी सवड न्हाय. तशात ती गॉजपट्टी आणायला स्टोअरमधे गेली. दुधनीकडचा निंगप्पा म्हणून एक कानडी म्हातारा सारखी सलाईनची सुई उपटायचा. असल्यांचे हात कॉटला बांधून टाकत्यात. नातेवाइकांना आत सोडत न्हाईत, मग जवळ बसणार कोण?

पट्टी हातात घेतली आन् पोरीला आठवलं. आठवड्याखाली निंगप्पाच्याच कॉटवर कमलम्मा म्हणून एक म्हातारी होती, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढलेली. तिचे बी हात हिनंच बांधले होते. म्हातारी रातभर विनवत होती, "कै बिच्चव्वा." हात सोड गं बाई. आता शिवलीलेच्या घरात कानडीच बोलत्यात. पण दवाखान्यात तिनं सांगून ठेवलं होतं, मला कानडी येत न्हाय. एकदा कळलं की हरेक कानडी पेशंट हिलाच हाका मारणार ना! म्हणून ती ऐकून न ऐकल्यागत पुढं गेली. पहाटे कमलम्मा गेली, बांधल्या हातांनीच. पट्ट्या सोडताना शिवलीलेला मेल्याहून मेल्यागत झालं. पण ती कुणाला बोलली न्हाय.

तर भोगीच्या राती तिनं निंगप्पाच्या हाताला गाठ मारली. वळली. गाठ सुटली. परत मारली, घट्ट. सुटली.

तिसऱ्यांदा मारायला गेली तर... तिच्या बोटांवर दुसरी बोटं. गार. सुरकुतलेली. दिसत कुणी न्हाय.

"कै बिच्चव्वा..."

आवाजात राग नव्हता. तीच विनवणी.

शिवलीला त्या दवाखान्यात पहिल्यांदा कानडीत बोलली. "तप्पातव्वा." चुकलं गं आई.



तिनं पट्टी टाकून दिली. स्टूल ओढलं आन् निंगप्पाचा हात धरून बसली. दुसऱ्या पेशंटला बघायला उठायची, परत येऊन धरायची. कानडीत त्याला त्याच्या रानाचं, म्हशींचं विचारत राहिली. म्हातारा लेकरागत झोपला, सुई जागच्या जागी. एवढ्या नोकरीत असं समाधान तिला कधी वाटलं नव्हतं. आन् त्याचीच जास्त लाज वाटली. कमलम्मासाठी बी एवढंच करायचं होतं की.

उजाडताना बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा दार बंद, आत कुणी आलेलं न्हाय. हात धुवायला तिनं बाह्या वर केल्या...

दोन्ही मनगटांवर, पेशंटला पट्टी बांधत्यात बरोबर त्याच जागी, विभूतीचे तीन-तीन पट्टे. अजून ओले.