फक्त या खात्यासाठी

"दिवा बारीक करा रे, डोळ्यावर येतोय," पाथरवट काका म्हणाले. कारखान्यातली पोरं जरा सरकून बसली. काका ऐकीव काही सांगत नव्हते. ज्याच्यावर हे गुदरलं, त्याने स्वतः त्यांना सांगितलं होतं, आणि शेवटचा भाग तर त्यांच्याच टेबलावर घडला होता.

नोव्हेंबरची सतरा तारीख, मंगळवार, रात्रीचे दहा वाजून वीस मिनिटं. धाकट्याने दुकानाचं शटर वर केलं ते एका साध्या कामासाठी. मोठ्या भावाला जाऊन बावीस दिवस झाले होते. दोघं दुकानांचे बोर्ड रंगवायचे. मोठा अक्षरं काढायचा, धाकटा शिडी धरायचा आणि रंग ढवळायचा. आता मोठ्याच्या नावाची दगडी पाटी बुधवारी दहाला बसवायची होती. काकांनी बजावलं होतं, "साडेसातला अक्षरांची फाइल आण. नाही आणलीस तर मशीनमध्ये आहेत त्या अक्षरांत कोरून टाकीन."

ते त्याला नको होतं. ज्याने जन्मभर लोकांची नावं हाताने काढली, त्याचं नाव मशीनच्या अक्षरांत? वहिनीसमोर तो बोलून बसला होता, "दादाच्याच अक्षरांत होईल." आधी बोलायचं, मग घाम गाळायचा, ही त्याची जुनी खोड. शाळाही सातवीत अशीच सोडली, एका दुपारी.

मोठ्याच्या कागदांवर नावातली पाचही अक्षरं सापडली. पुढचं सांगायला फोनवर छापखान्यातला मित्र होता. त्याला सगळे शाई म्हणत.

"फॉन्ट एडिटर आहे, मोफत," शाई म्हणाला. "डाउनलोड कर. हाताच्या अक्षरांचा त्यात फॉन्ट होतो."

"निळी खिडकी आलीय. म्हणते, हा प्रोग्रॅम ओळखीचा नाही, थांबवलाय."

"मी पाठवलेल्याच लिंकवरून घेतलास ना? मग 'मोअर इन्फो' दाब, खाली 'रन एनीवे' येईल. आणि वाचत जा जरा. नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करत सुटू नको."

"वाचतोय की."

"तू आणि वाचणार. मला आता हसू येईल."

वाचत नव्हताच तो. मधे एका खिडकीने विचारलं, प्रोग्रॅम सगळ्यांसाठी बसवू, की फक्त या खात्यासाठी? त्याने दुसरं दाबलं. इथे आपल्याशिवाय आहे कोण, असं त्याच्या मनात आलं. बोट उचलल्यावर त्याने खालची ओळ वाचली. कॉम्प्युटर मोठ्याच्या खात्यावर चालू होता. तिथे मोठ्याचं नाव होतं.

"शाई... मी तो दादाच्या नावावर बसवला."



"चालतोय ना? मग राहू दे," शाई म्हणाला. "झोपतो मी."

चौकोनांची जाळी उघडली. एका अक्षराला एक घर. धाकट्याने कागदांचे फोटो घरांत टाकले. प्रोग्रॅमने कडेकडेने रेघ ओढून दिली, पण वेडीवाकडी. रेघेवर बारीक ठिपके. ठिपका ओढला की रेघ वाकायची. तो एक ठिपका सरळ करायला जाई आणि चार बिघडत. दोन वाजून गेले तरी पहिल्याच अक्षराचा चिखल. डोळे भरून आले, त्यात राग आला. माउस टेबलावर आपटून तो मागच्या नळावर तोंड धुवायला गेला.

परत आला तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं.

पहिलं अक्षर नीट झालं होतं.

नुसतं नीट नाही. अक्षराच्या पोटाचा बाक खाली जरा जड, मोठा ठेवायचा तसा.

धाकटा दारातच थांबला. माउस आपटला होता तिथेच पडून होता. हलत नव्हता.

पडद्यावरचा बाण हलत होता.

दुसरं घर उघडलं. एक ठिपका सरकला. थांबला. मग दुसरा. घाई नाही. शटर आतून बंद. आणि ओल्या रंगाचा वास... डबे तर बावीस दिवस उघडलेच नव्हते.

"दादा?"

बाण थांबला.

"शिडी सरकली, असं मी सगळ्यांना सांगितलं." धाकट्याला स्वतःचा आवाज ओळखू येईना. "नव्हती सरकली. फोन वाजला... मी हात सोडले."

बाण तिथेच.

"एवढाच वेळ रे... फोन काढेपर्यंत."

...

"वहिनीला सांगू?"

एक मिनिट. दोन.

बाण हलला. दुसरं अक्षर पुरं झालं. तिसरं. चौथं. पाचवं. मग फाइल सेव्ह झाली. खिडकी बंद झाली.



साडेसातला तो काकांपुढे उभा राहिला. रात्रीत दहा वर्षांनी म्हातारा झालेला. काकांनी पाटी कोरली, दहाला बसवली. वहिनीने अक्षरांवरून हात फिरवला. "भाऊजी, हे त्यांनी कधी काढून ठेवलं होतं?" धाकट्याने तिथेच, सगळ्यांसमोर, सांगून टाकलं. शिडीचं. फोनचं. वहिनीने हात काढून घेतला. ती त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही.

काका पाणी प्यायले. पोरांना वाटलं, संपलं.

"फाइल मी सकाळी उघडली ना," काका हळू म्हणाले, "तेव्हा पाच घरं भरलेली हवी होती. सहा होती."



"सहावं अक्षर मोठ्याच्याच हातचं. पण ते त्याच्या नावात नाही, धाकट्याच्या नाही, वहिनीच्या नाही. मी दोनदा पुसलं. फाइल उघडली की असतं."

"कोणतं अक्षर, काका?"

काकांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ज्याचं नाव त्या अक्षराने सुरू व्हायचं, त्याच्या चेहऱ्यावर जरा जास्त वेळ थांबले.

"दिवा मोठा करा," ते म्हणाले.