पंपावरचं हेल्मेट

गाड्या नीट लावल्यात का रे? आणि हेल्मेटं कुठे आहेत? एकाचं आरशाला, एकाचं कोपरात. वा! कोपराची फार काळजी बुवा तुम्हाला. बसा आता. चहा नंतर. आधी ऐका, कारण हे मी कुठे वाचलेलं नाही. ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस बारा वर्षं माझ्या भिंतीपलीकडे राहिला.

पेट्रोल पंपावर कामाला होता. गाडी उभी राहिली की नळी उचलायच्या आधी म्हणायचा, "झिरो बघा." दिवसातून तीनशे वेळा. झोपेतही म्हणतो, असं त्याची बायको सांगायची. म्हणून सगळे त्याला झिरोमामाच म्हणायचे.

त्या दिवशी मंगळवार होता, तारीख चौदा. रात्रपाळीचा माणूस तापाने आडवा झाला म्हणून पंपाच्या शेठचा फोन आला. मामा जेवला, थर्मास भरला आणि साडेनऊला निघाला. जाता जाता मला म्हणाला, "सकाळी दूध आलं तर माझंही घेऊन ठेवा." आठ महिन्यांत त्याने रात्रपाळी केली नव्हती. का, ते सांगतो.

पंपावर पाटी होती, हातभर अक्षरांत: हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही. वर कॅमेरा. उघड्या डोक्याला पेट्रोल दिलेलं दिसलं की पंपावर कारवाई. मग शेठने काय केलं असेल? खांबाला हुक ठोकला आणि त्यावर एक लाल हेल्मेट टांगलं. आलं गिऱ्हाईक, घाल डोक्यात. भर टाकी. काढ, दे पुढच्याला. शंभर डोक्यांचं तेल आणि घाम त्या एका हेल्मेटात. हनुवटीखालची कडी तुटलेली, पट्टे लोंबकळतायत, कुणाला फिकीर नाही. उलट शेठ मिशीत हसायचा आणि गिऱ्हाईकही डोळा मारायचं. जसं काही सरकारला उल्लू बनवलं! अरे, कवटी कोणाची? सरकारची? कायदा केला डोक्यासाठी आणि आपण पाळला कॅमेऱ्यासाठी. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

असो. आठ महिन्यांपूर्वी, रात्री दहाच्या सुमाराला, मामाचा सख्खा भाचा आला पेट्रोल भरायला. बहिणीचा एकुलता एक. बावीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करायचा. लाल हेल्मेट डोक्यात घातलं, टाकी भरली आणि म्हणाला, "मामा, हेच घेऊन जाऊ का? मस्त बसलंय डोक्याला."

मागे गाड्या होत्या. मामा खेकसला, "आणि पुढच्याला काय टोपली घालू? आण इकडे. लाईन आहे मागे." आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावरून ते उपसून काढलं.

पंपापुढे दोन किलोमीटरवर एक वळण आहे. भाचा तिथवरच पोचला.

त्या दिवसापासून बहीण मामाशी बोलली नाही. एक शब्द नाही. मामा दारात गेला की ती शिलाई मशीन चालवत राहायची, तो उठून जाईपर्यंत. आणि मामा तरी काय करत होता? दुसऱ्या आठवड्यापासून तेच हेल्मेट, तोच हुक. शेठला एकदा म्हणाला, "हे बंद करू या." शेठ म्हणाला, "तुझा भाचा गेला, वाईट झालं. धंद्याचं काय त्यात?" मामा परत नळी उचलायला गेला. पोट लागलं होतं ना पाठीला. पण त्याच्या आत जे धुमसत होतं ते विझलं नव्हतं.

तर ती रात्र. बारापर्यंत ट्रक येत होते. मग रस्ता थंडावला. मामाने चहा ओतला, खुर्ची खांबाजवळ ओढली. एक वाजून चाळीस मिनिटांनी, त्याने घड्याळ पाहिलं होतं, मान वर केली तर समोर रांग.

मोटरसायकली. अकरा.

इंजिनाचा आवाज नाही. दिवा नाही. कधी आल्या, कळलं नाही. सगळे उघड्या डोक्याचे. पंपाच्या छताचे दिवे लख्ख चालू होते, पण उजेड त्यांच्या भुवयांपर्यंतच पोचत होता. त्याच्या वर... काळोख.

मामा सवयीने उठला. "झिरो बघा," म्हणाला.

पहिल्याने मीटरकडे पाहिलंच नाही. हात पुढे केला. हुकाकडे.

मामाने हेल्मेट दिलं. त्याने घातलं. टाकी भरायला लागतो तेवढा वेळ बसून राहिला. मग काढलं. मामाच्या हातात दिलं. आतून ते बर्फासारखं गार झालं होतं.

दुसरा पुढे सरकला. पायाने गाडी रेटत. हात पुढे.

तिसरा.

चौथा ओळखीचा निघाला. इस्त्रीवाला. मार्चमध्ये गेलेला. त्याच्यामागे औषधाच्या दुकानातला पोरगा. पेपरात फोटो आला होता त्याचा. मामाच्या ध्यानात आलं... सगळे इथलेच. सगळ्यांनी हेच घातलं होतं. हेच काढून दिलं होतं. त्याच्याच हातात.

ओरडावंसं वाटलं. हात मात्र चालू होते. द्यायचं. घ्यायचं. कुणी बोलत नव्हतं. पण डोळे... भुतांचे डोळे रिकामे असतात म्हणतात ना? सपशेल खोटं. संतापाने भरलेले होते ते.

सगळ्यात शेवटी भाचा.

त्याने घातलं. मामा कसाबसा बोलला, "राहू दे बाळा... काढू नको. घेऊन जा."

भाच्याने काढलं.

मामाच्या हातात ठेवलं.

आणि हनुवटीने मागे खूण केली.

मागे हॉर्न वाजला! खराखुरा हॉर्न, खराखुरा दिवा. एक फोटोग्राफर, काम आटोपून घरी निघालेला, पाठीला कॅमेऱ्याची बॅग. "काका, झोपलात का? द्या ते लाल डबडं, आणि टाकी फुल करा."

त्याला त्या अकरांतलं कुणीच दिसत नव्हतं. ते अकराही कुठे गेले नव्हते. पंपाच्या बाहेर, रस्त्याच्या दोन्ही कडांना जाऊन उभे होते. तोंडं वळणाकडे.

मामाने टाकी भरली. फोटोग्राफरने हेल्मेट काढायला हात वर नेले आणि मामाचा आठ महिन्यांचा राग एकदम उफाळला. त्याने त्याची दोन्ही मनगटं धरली. "काढशील तर हात मोडीन! ऐकलंस?"

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? केस बसतात माझे!"

"बसू देत! केस बसतील, तू तर उभा राहशील!" कडी तुटलेली होती, म्हणून मामाने दोन्ही पट्ट्यांची हनुवटीखाली करकचून गाठ मारली. तो शिव्या घालत निघाला. त्याच्या मागोमाग अकरा गाड्या हलल्या. आवाज नाही. काहीच नाही.

सकाळी सहाला तो रिक्षाने परत आला. एक हात गळ्यात बांधलेला, अंगभर खरचटलेलं. वळणावर बंद पडलेला ट्रेलर, मागे दिवा नाही.

"काका," तो म्हणाला, "खरं सांगतो. वळणाच्या अलीकडे मी गाठ सोडली होती. फेकणारच होतो मी हे. पण निघेना. कुणीतरी... वरून दाबून धरल्यासारखं..." हेल्मेट मामाच्या हातात देऊन तो निघून गेला.

शेठ नुकताच आला होता. "आणलं का परत? छान. टांग."

मामाने टांगलं नाही. ते काखेत मारलं आणि शेठला त्याच्या आयुष्यात कुणी घातल्या नसतील अशा शिव्या घालून तो पंपावरून उतरला. शेठने दुपारपर्यंत त्या हुकावर नवीन आणून लावलं. लगेच. तीही माणसंच म्हणायची!

मामा सरळ बहिणीकडे गेला. मीही होतो सोबत, वाटेत त्याने मला घरून घेतलं; एकट्याने जायची त्याची हिंमत नव्हती. बहिणीने मशीन थांबवलं नाही. मामाने रात्रीचं सगळं सांगितलं, मशीनच्या खडखडाटात, आणि हेल्मेट कापडाच्या ढिगावर ठेवलं.

मशीन थांबलं. तिने ते उचललं. रस्त्याची माती होती त्यावर, तिने ओल्या फडक्याने पुसली. आणि आम्हा तिघांनाही दिसलं. त्या टणक कवचावर, माथ्यापासून कानापर्यंत, बोटं रुतली होती. मऊ कणकेत रुतावीत तशी. दहा नाहीत. वीस नाहीत. बोटांवर बोटं, पंज्यांवर पंजे, जागाच उरली नव्हती.

ती एकेक ठसा चाचपत गेली. उजव्या कानाच्या वर, एका पंज्यावर तिचा हात थांबला. तिथून तो निघेना. मग आठ महिन्यांनी ती भावाशी बोलली.

"इतक्या जणांना कळलं," ती म्हणाली, "तुला एकट्याला का नाही कळलं रे दादा?"